घरची तालीम, बाहेरची शाळा

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या घरी रोज रात्री जेवताना एकच विषय निघायचा. जूनमध्ये मुलीला शाळेत पाठवायचं की घरीच शिकवायचं? ती सहावीत जाणार होती. करोनामुळे तिची चौथी पूर्ण घरात झाली होती आणि पाचवी बरीचशी घरात. हायस्कुलात नाव होतं, पण तिथला बाक तिनं नीट पाहिलाही नव्हता. आता शाळा नियमित सुरू होणार होत्या आणि आमचे पाय जड झाले होते.

ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटेल, कारण आम्ही दोघंही शिक्षक. आमच्यातला एक जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत वीसेक वर्षं शिकवतो आहे. दुसरीनं डी.एड. केलं, पण मुलं लहान होती तोवर अर्ज करता आला नाही, आणि सवड मिळाली तेव्हा भरतीच बंद पडली होती. मग घरीच शिकवण्या सुरू केल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात लोक आम्हाला 'मास्तरांचं घर' म्हणूनच ओळखतात. मोहल्ल्यातल्या आयांना आम्हीच जाऊन सांगायचो, ‘बच्ची को शाळा में डालो.’ आणि आता आमचीच मुलगी घरी ठेवायचा विचार आमच्या मनात घोळत होता.

तो विचार काही उगीच आला नव्हता.

करोनाच्या काळात मुलगी घरात छान शिकली. सकाळी आठ ते अकरा आमची शाळा भरायची. गणित व्हायचं भाकरीच्या पिठावर आणि किराणा दुकानाच्या यादीवर. बालभारतीचं पुस्तक दिवाळीपर्यंत वाचून संपलं, मग कपाटातली पुस्तकं काढली. फजरनंतर कुरआनचा सबक व्हायचा. दुपारी ती उर्दू अक्षरं गिरवायची, कारण आमची मुलं मराठी शाळेत जातात आणि उर्दू घरीच शिकवावं लागतं. घरात आम्ही दखनी बोलतो. तिन्ही भाषा एकाच चटईवर एकमेकींना न ढकलता बसल्या होत्या.

चौथीच्या अभ्यासात शिवछत्रपतींचा इतिहास असतो. प्रतापगडचा धडा आला तेव्हा आम्ही तो चार दिवस पुरवला. १० नोव्हेंबर १६५९ ला भेट झाली, त्या वेळी खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता आणि महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहीम होता, हे तिला सांगितलं. पायदळाचा सरनोबत नूरखान बेग, आरमारातला दौलतखान, घोडदळातला सिद्दी हिलाल यांची नावं तिनं वहीत लिहून घेतली. ‘म्हणजे ही लढाई राज्याची होती ना, अब्बा?’ असं तिनं विचारलं. आम्हाला वाटलं, हा धडा असाच शिकवायला हवा. शेजारी बसून तिचा भाऊ हे सगळं ऐकत होता. तो तेव्हा सातवीत होता. तो काही बोलला नाही. आम्हीही त्याला काही विचारलं नाही.

याच काळात पुण्याहून आमच्या नात्यातलं एक तरुण जोडपं आलं. दोघं इंजिनिअर, कोंढव्यात राहतात. त्यांनी मुलांना शाळेत घातलेलंच नाही. घरी शिकवतात, पुढं मुक्त विद्यालयाच्या राष्ट्रीय संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावीला बसवणार आहेत. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे असं तो सांगतो, पण घरी शिकवणाऱ्या आईबापाला त्यात शिक्षा नाही. उद्या शाळेत घालावंसं वाटलं तर वयाप्रमाणं त्या वर्गात प्रवेशही मिळतो. आपल्या राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म तर आम्हाला माहीतच होता. शाळा सुटलेल्या किती मुलामुलींना आम्ही तो भरून दिला आहे. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. कुरआनचे पारे त्याला तोंडपाठ, गणितात हुशार, मोठ्यांशी अदबीनं बोलणारा. त्याला पाहून आम्हाला हेवा वाटला हे कबूल केलं पाहिजे. फक्त एक झालं. त्याला कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर आणायला पाठवलं, तर तो रिकाम्या हातानं परत आला. दुकानदार मराठीत काय विचारतो ते त्याला कळलं नव्हतं. पुण्यात जन्मलेलं, पुण्यात वाढलेलं पोर! आम्ही सगळे हसलो. पण ती गोष्ट मनात राहिली.

दुसरी बाजू मोठ्या फुफींची. त्या मुलांच्या अब्बांची थोरली बहीण, आणि घरात त्यांचा शब्द चालतो. त्या म्हणाल्या, ‘लडकी अब बडी हो रई. तुम दोनों मास्तर हैं, घर मेंच पढाव. बाहर कायको भेजते?’ पुण्याच्या जोडप्याचं म्हणणं आणि फुफींचं म्हणणं यांत जमीनअस्मानाचा फरक. एकाला मुलीचं शिक्षण वाढवायचं होतं, दुसरीला ते बेताचं ठेवायचं होतं. पण दोघांचा सल्ला एकाच दारापाशी येऊन थांबत होता, आणि दार बंदच करायचं होतं.

आमची स्वतःची भीती तिसरीच होती. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यात, मुलीच्या वर्गाचा पालकांचा व्हॉट्सअॅप गट निघाला. अभ्यास त्यावर यायचा, म्हणून फोन तिच्याच हातात असायचा. एका संध्याकाळी तिनं विचारलं, ‘अम्मी, थुंकून रोग पसरवतात ते कोण?’ तबलीगच्या नावानं तेव्हा जे मजकूर फिरत होते, त्यातला एक कुणीतरी गटावर टाकला होता. खाली दोघातिघांनी हात जोडल्याची चित्रं टाकली होती. नावं ओळखीची होती. त्यांतल्या एकाच्या घरी आम्ही दर वर्षी शीरखुर्मा पाठवतो. मुलीला काय सांगावं कळेना. फोन काढून घेतला आणि अभ्यास वहीत करून दिला. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या बाईंनी गटावर एक ओळ लिहिली, की हा गट फक्त अभ्यासासाठी आहे. बस, तेवढंच. तेवढंही आम्हाला पुष्कळ वाटलं. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याची शक्यता बोलून दाखवली. ती बातमी गटावर कुणी टाकली नाही. आम्हीही टाकली नाही.

तेव्हापासून मनात होतं, की या पोरीला त्यांच्यात कशाला सोडायचं? घरात ती सुखी आहे, शिकते आहे.

मेच्या अखेरीस निर्णय जवळजवळ झाला होता. घरीच ठेवायचं, आणि वय झालं की सतरा नंबर भरायचा. मुलीची पुस्तकं लावायला आम्ही जुनं कपाट रिकामं करायला घेतलं. त्यात खालच्या फळीवर दादीचं ‘बहिश्ती जेवर’ निघालं.

दादी म्हणजे मुलांची पणजी. आज ती नाही. ते पुस्तक तिला लग्नात जहेजबरोबर मिळालं होतं. मौलाना अशरफ अली थानवी यांनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलं, मुलींना घरच्या घरी तालीम देता यावी म्हणूनच. कितीतरी मुस्लिम घरांत ते नवरीबरोबर सासरी जायचं. त्या अर्थानं घरी शिकणं आमच्या घराण्याला नवं नाही. दादी घरीच शिकली. वडिलांकडं कुरआन वाचायला शिकली, नंतर उर्दू. दुपारी बायकांना जमवून ती हे पुस्तक वाचून दाखवायची, ते आम्हीही ऐकलं आहे.

पण तिला लिहिता येत नव्हतं. मुलीला वाचायला शिकवावं, लिहायला नको, लिहायला आलं तर ती चिठ्ठ्या लिहील, असा तेव्हाचा समज. हा समज फक्त आपल्यातच होता असं नाही, पण आपल्यात तो जास्त टिकला. नवल हे, की त्या पुस्तकाच्या पहिल्याच भागात अक्षरओळख आहे आणि पत्र कसं लिहावं याचे नमुनेही आहेत. ज्या मौलानांना आज कुणी पुढारलेलं म्हणणार नाही, त्यांनी मुलींना लिहायला शिकवायचं म्हटलं होतं. आमच्या घरानं त्यांची बाकी पानं घेतली आणि तेवढीच सोडली. दादीच्या प्रतीत बाकीची पानं हाताळून मऊ पडली आहेत. पत्रांची पानं कोरी करकरीत आहेत.

१९७२ च्या दुष्काळात दादीच्या माहेरी जमीन विकायची पाळी आली. तिचे भाऊ बैलगाडी घेऊन आले. ‘आपा, कागद पे अंगूठा होना,’ म्हणाले. दादीनं कागद हातात घेतला, उलटून पाहिला आणि अंगठा दिला. ते हक्कसोडपत्र होतं. जमीन विकली गेली ती निम्मी. उरलेल्या निम्म्या जमिनीतही तिचा वाटा राहिला नाही. शरियतप्रमाणं भावाच्या निम्मा वाटा तिचा होता. ज्या दीनची तालीम तिला घरात मिळाली होती, त्याच दीननं दिलेला हक्क तिनं आपल्या हातानं सोडला, कारण कागद मराठीत होता. ती अडाणी नव्हती. तिला वाचता येत होतं, पण तो कागद ज्या लिपीत होता ती नाही, आणि तो जिथं लिहिला गेला ती कचेरी तिनं कधी पाहिली नव्हती. म्हातारपणी ती हे हसत हसत सांगायची, ‘मैं बोली, भाई का कागद क्या पढना.’ बरोबरच आहे, आणि वाचता तरी कुठं येत होतं!

आम्ही ते पुस्तक घेऊन बराच वेळ खाली बसून राहिलो. दादीला घरी शिकवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांचा तिच्यावर जीव होता. बाहेर वाईट आहे, घरात बरं आहे, असंच त्यांना वाटलं असणार. आम्हाला नेमकं तेच वाटत होतं. फरक एवढाच, की आमच्याकडं डी.एड.चं सर्टिफिकेट होतं आणि कायद्याची माहिती होती. आमची मुलगी मराठी वाचेल, लिहील, सही करील, हे खरं. पण जो कागद पुढं करील त्या माणसाला ती ओळखेल का? त्याच्याशी भांडेल का? आणि तो तिला ओळखेल का?

त्या रात्री आम्ही हा विषय मुलांसमोर काढला. मुलगी म्हणाली, ‘मला शाळेत जायचंय. पण मधल्या सुट्टीत कुणी काही म्हणालं तर?’ आम्ही काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, ‘तिला पुढच्या बाकावर बसवायला सांगा. मी मागं बसतो.’

मागं का बसतोस, विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं. २०१७ मध्ये तो चौथीत असताना प्रतापगडचा धडा वर्गात झाला. सर रंगून शिकवत होते. वाघनखं आली तशी सगळी पोरं वळून याच्याकडं बघायला लागली. सर त्याला काही म्हणाले नाहीत. पोरांनाही काही म्हणाले नाहीत. सुट्टीत दोघातिघांनी ‘खान, खान’ म्हणून पोटात बोटं खुपसली. तो तेव्हा मधल्या रांगेत बसायचा. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या बाकावर जाऊन बसला, कारण तिथं मागून कुणी नसतं. तेव्हापासून तो शेवटच्याच बाकावर बसत आला होता.

साडेचार वर्षं! आम्ही दोघं शिक्षक, पोरगं रोज आमच्याबरोबर जेवतं, आणि आम्हाला माहीत नव्हतं. त्याच्या प्रगतिपुस्तकावर आम्ही दर सहामाहीला सही केली होती. बहिणीला आम्ही चटईवर बसवून नूरखान बेग आणि सिद्दी इब्राहीम शिकवत होतो, तेव्हा तो गप्प का बसला होता ते आता कळलं. तो धडा ज्या पोरांनी ऐकायला हवा होता, ती आमच्या चटईवर नव्हतीच.

यातून दोन गोष्टी आमच्या ध्यानात आल्या. एक म्हणजे घर हा आडोसा नाही. जे मुलाला शाळेत भेटलं, तेच मुलीला घरात फोनमधून भेटलं. शाळेत निदान बाई होत्या, ज्यांनी एक ओळ लिहिली. दुसरी गोष्ट अशी, की आम्ही मुलांना शाळेत पाठवलं होतं, पण आम्ही स्वतः कधी शाळेत गेलो नव्हतो. फी भरली, प्रगतिपुस्तक आणलं, पालकसभेला मागच्या खुर्चीवर बसून आलो. म्हणजे मुलानं जो बाक निवडला, तो आम्ही त्याच्याआधीच निवडला होता.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात एक आकडा आहे. शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी तीन-चार टक्केच मदरशात जातात. लोकांना वाटतं, मुस्लिम मुलं मदरशातच शिकतात. तसं नाही. बहुतेक आईबाप मुलांना सर्वांच्या शाळेतच पाठवतात. हा भरवसा काही लहान नाही. त्या भरवशाचं पुढं काय होतं, हे मात्र त्या शाळेत कोण काय बोलतं आणि कोण गप्प बसतं यावर ठरतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही हायस्कुलात गेलो. वर्गशिक्षिकेला भेटलो, इतिहासाच्या सरांना भेटलो. तक्रार केली नाही. पाच वर्षांमागची गोष्ट, आणि तेव्हाचे सर आता तिथं नव्हते. जे झालं ते सांगितलं आणि आम्ही चौथीचा धडा घरी कसा घेतला ती वही दाखवली. सरांनी वही चाळली. ‘हे मला माहीत आहे, पण वर्गात एवढं सांगायला वेळ कुठं असतो?’ म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, ‘ठेवा वही.’ यापेक्षा जास्त काही झालं नाही.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर हे लिहिणं अर्धं राहील. शाळा सुरू झाली त्या दिवशी आमच्यातला जो जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, तो आपल्या वर्गात गेला आणि दारातच थांबला. वर्गात एक पारध्याचा मुलगा आहे. गावात चोरी झाली की पोलीस त्याच्या पालावर येतात. तो कुठं बसतो? शेवटच्या बाकावर, भिंतीला टेकून. तो तिथं कधीपासून बसतो, का बसतो, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. आमच्या मुलाच्या सरांना आम्ही मनातल्या मनात किती बोल लावले होते!

मुलगी त्या जूनपासून शाळेत जाते. सगळं छान झालं, असं लिहिलं तर खोटं होईल. एकदा सहलीच्या वेळी तिला कुणीतरी ‘तुमचा देश’ म्हणालं आणि ती रडत घरी आली. त्या रात्री आम्ही पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन बसलो. मोठ्यांनी जे सरळ करायला हवं होतं, ते बारा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर ठेवायचा हक्क आम्हाला आहे का? याचं उत्तर आमच्याकडं आजही नाही. सकाळी ती आपली आपण उठली आणि दप्तर भरू लागली, म्हणून आम्ही डबा केला. मागाहून कळलं, की तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनं त्या मुलाला वर्गात उभं राहून सुनावलं होतं. ती मैत्रीण घरच्या चटईवर मिळाली नसती.

घरची शाळा आम्ही मोडली नाही. फजरनंतर सबक होतो, रात्री उर्दू होतं. आणि दादीच्या पुस्तकातली ती कोरी पानं आता वापरात आहेत. मुलीनं उर्दू पत्राचा नमुना त्यातूनच गिरवला आणि पहिलं पत्र मोठ्या फुफींना लिहिलं. फुफींना उर्दू वाचता येतं, लिहिता येत नाही. त्यांनी उत्तर आमच्या मुलाकडून लिहवून घेतलं. त्यात शाळेचा विषय नव्हता. शेवटी एवढंच होतं, की बच्ची का खत अच्छा है, और लिखना.

ज्यांनी मुलं घरी ठेवली आहेत त्यांना आम्ही दोष देत नाही. प्रत्येकाच्या दाराबाहेर काय उभं आहे ते ज्याचं त्यालाच ठाऊक. आमचं सांगणं एवढंच, की दार लावायच्या आधी घरातल्या एखाद्या दादीची गोष्ट आठवून पाहावी. आणि मुलाला शाळेत पाठवत असाल, तर तो कोणत्या बाकावर बसतो, ते आज रात्री जेवताना विचारावं.